आधी हळू पळायला शीक, घाटाचं मग बघू

पत्र:

ताई नमस्कार, मी कराडची, वय ४१, माध्यमिक शाळेत शिक्षिका. वर्षभरापूर्वी मॉर्निंग वॉकला जाता जाता पळायला लागले आणि आता ५ किमी ३५ मिनिटांच्या आत होतं. शाळेतल्या दोघीतिघींच्या नादाने साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला (२१ किमी) नाव घातलं, आता १४ आठवडे उरलेत आणि पोटात गोळा आलाय. ६ किमीच्या पुढे गेलं की धाप लागते, चालावं लागतं, मग रडूच येतं. उजवी नडगी आतल्या बाजूने दुखते. ग्रुपवर सगळे घड्याळाचे स्क्रीनशॉट टाकतात, मला माझा टाकायची लाज वाटते. सासूबाईंनी ११ वर्षं पायी वारी केलीय पण मी पळते ते त्यांना पटत नाही, गुडघे जातील म्हणतात. शेवटची आले तर काय? आणि हे जमलं तर जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन करावी का?
– पाय जड झालेली, कराड

उत्तर:

तू मला ताई म्हणालीस म्हणून सरळ अगंतुगंच करते. पत्र दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे की तुला २१ किमी झेपणार नाहीत असं त्यात कुठेच दिसत नाही, दिसतं ते एवढंच की तू रोज परीक्षा देतेयस. आठवड्यातून तीन-चारदा घराबाहेर पडायचं आणि प्रत्येक वेळी ३५ मिनिटांच्या आत ५ किमी बसवायचे, म्हणजे अभ्यासाला वेळच नाही आणि रोज पेपर, तू शाळेत पोरांना असं करू देशील का? धाप लागते कारण तू तुझ्या आजच्या कुवतीच्या अगदी वरच्या टोकाला पळतेस, आणि त्या टोकाला कोणीही फार वेळ टिकत नाही, तूच काय तुझ्या ग्रुपवरचे स्क्रीनशॉटवालेही नाही टिकणार.

तर पहिलं काम, आणि हे एक जमलं तर बाकी सगळं त्याच्या मागून येतं: हळू पळ. हळू म्हणजे किती, तर पळता पळता शेजारणीला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, "अगं काल भाजी आणायला गेले तर कोथिंबीर काय महाग होती" एवढं एका दमात. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. एकटी असलीस तर पाढे म्हण किंवा मनाचे श्लोक म्हण, एक श्लोक आरामात पूर्ण झाला पाहिजे. ३५ मिनिटांत ५ किमी म्हणजे तुझा किलोमीटर ७ मिनिटांत पडतोय, तुझं सोपं पळणं त्याहून बरंच खाली, साडेआठ-नऊ मिनिटांच्या आसपास येईल आणि सुरुवातीला तुला ते अपमानास्पद वाटेल, चालणारे काका मागून येऊन पुढे जातील, जाऊ देत. मोठमोठे धावपटूसुद्धा आठवड्यातलं बहुतेक पळणं असंच सोप्या वेगात करतात. सोप्या वेगात तासभर पाय हलत राहिले की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळून ऊर्जा काढायची सवय लागते, आणि २१ किमीला हेच भांडवल लागतं.

आणि चालावं लागलं म्हणून रडू नकोस गं. चालणं ठरवून कर. जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन धावपटू, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेला माणूस, त्याने पुढे नवशिक्यांना शिकवताना पळ-चाल-पळ हीच पद्धत रुजवली आणि जगभरात लाखो लोकांनी त्या पद्धतीने मॅरेथॉन पूर्ण केल्यात. तू ४ मिनिटं पळ, १ मिनिट चाल, असं पहिल्या मिनिटापासून सुरू कर, दमायच्या आधीच चाल. दमल्यावर चालणं म्हणजे हरल्यासारखं वाटतं, ठरवून चाललं की तोच आपला प्लॅन असतो, आणि शेवटच्या किलोमीटरला पाय शिल्लक राहतात ते वेगळंच. घाटात तर हे फारच कामाला येणार आहे, खाली सांगते.

आता नडगी. आतल्या बाजूने, लांब पट्ट्यात, पळायला सुरुवात करताना दुखतं आणि गरम झाल्यावर कमी होतं असं असेल तर ते बहुतेक नव्या धावणाऱ्यांना होतं ते शिन स्प्लिंट. श्वास महिनाभरात सुधारतो पण हाडं आणि स्नायूबंध यांना नव्या भाराची सवय व्हायला कित्येक महिने लागतात, म्हणून दम आला म्हणून पाय पण तयार झाले असं समजून आपण अंतर वाढवतो आणि नडगी बोंबलते. वेग कमी केलास की हे निम्मं तिथेच सुटेल. शिवाय पायरीच्या कडेला चवडे टेकवून टाचा वर-खाली करायच्या, हळूहळू, १५-१५ चे दोन-तीन सेट, एक दिवसाआड. बूट वर्षभराचे आणि चालायला-बाजाराला पण तेच वापरत असलीस तर बदल. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेव, दुखणं एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर असेल, दाबलं की कळ येत असेल, रात्री झोपेत किंवा नुसतं बसल्यावरही ठणकत असेल, त्या एका पायावर उडी मारली की जीव जात असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करून हाडाच्या डॉक्टरकडे जायचं. तो स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतो आणि त्याच्यावर पळत राहिलं तर आठवड्यांचं काम महिन्यांवर जातं. अशा वेळी स्पर्धेची फी बुडू दे.

धापेबद्दल अजून एक, आणि हे मी प्रत्येक बाईला सांगते: ह्या आठवड्यात रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय निघाला, म्हणजे तुमच्या स्टाफरूममध्ये दहाजणी बसल्या असतील तर हिशोब तूच कर. रक्तात लोह कमी असताना कितीही शिस्तीत ट्रेनिंग केलं तरी पाय जडच राहतात आणि बाई स्वतःलाच आळशी म्हणत बसते. जेवणाबरोबर चहा घ्यायची सवय असेल तर तो तासभर लांब ढकल, चहाने लोह नीट शोषलं जात नाही, आणि पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळ. रिपोर्टमध्ये कमी निघालं तर गोळ्या डॉक्टरला विचारूनच घे, मैत्रिणीच्या सांगण्यावरून नको.

गुडघ्यांचं सासूबाईंना काय सांगायचं? २०१७ मध्ये बऱ्याच जुन्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडलेला एक मोठा आढावा आला होता, त्यात हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याची झीज साधारण साडेतीन टक्के लोकांत दिसली आणि बसून काम करणाऱ्या, न पळणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांच्या वर. वर्षानुवर्षं व्यावसायिक पातळीवर पळणाऱ्यांत मात्र ती जास्त होती, तेरा टक्क्यांच्या पुढे, पण तुला काही ऑलिम्पिकला जायचं नाहीये. अर्थात आधीच गुडघा सुजत असेल, जुनी दुखापत असेल तर गोष्ट वेगळी, तसं तू काही लिहिलेलं नाहीस.

पण मला खरं वाटतं की सासूबाईंशी आकड्यांनी बोलूच नकोस. ज्या बाईने ११ वर्षं पायी वारी केली तिच्याएवढं लांब पल्ल्याचं ज्ञान तुमच्या आख्ख्या ग्रुपकडे नसेल. रोज १५-२० किलोमीटर, एखाद्या दिवशी त्याहून जास्त, दिवे घाटाची चढण, पावसात भिजलेले पाय, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून परत चालायचं, हे सगळं त्यांनी शरीराने केलंय. त्यांना विचार की फोड आला तर काय करायचात, विसाव्याला बसल्यावर परत उठताना पाय आखडायचे तेव्हा काय करायचात, दिंडीत कोणी पहिल्याच दिवशी जोरात चालायला लागला तर जुनी माणसं त्याला काय म्हणायची. खरंच विचार, मनापासून, शिकायचंय म्हणून. त्या सांगतीलच. आणि एकदा त्यांनी सांगितलेलं तू वापरलंस की तुझ्या पळण्यात त्यांचाही वाटा आला, मग विरोध कितीसा राहील बघ.

आता १४ आठवड्यांचं. आठवड्यातून चार दिवस पुरे. मंगळवारी आणि बुधवारी सोपं पळणं, ४०-४५ मिनिटं, घड्याळात किलोमीटर बघायचेच नाहीत, फक्त वेळ. गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी चढावर पळणं. शनिवारी तुझी सकाळची शाळा असणार म्हणजे पळणं नाहीच आणि ते बरंच आहे, कारण रविवारी लाँग रन, आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. रविवारचं ६ पासून सुरू कर आणि दर आठवड्याला एक-दोन किलोमीटर वाढव पण दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम खाली ये, म्हणजे ६, ७, ८, मग परत ६, मग ९, १०, १२, मग ९, मग १३, १५, आणि १७ पर्यंत एकदा नेलंस की झालं. २१ आधी पळून बघायची गरज नाही, तो दिवस स्पर्धेसाठीच राखून ठेव. शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत यायचं, १२, ८, आणि स्पर्धा. एखादा रविवार लग्नात नाहीतर तापात गेला तर तो गेला, पुढच्या रविवारी दोन्ही एकत्र भरून काढायला जाऊ नकोस, बहुतेक दुखापती ह्याच भरून काढण्यात होतात.

कुठे पळायचं ते तू मला विचारलं नाहीस पण सांगते, हायवेवर नको. पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेने पहाटे पळणारे लोक मी बघते आणि काळजात धस्स होतं. सपाटीला प्रीतिसंगमाच्या बाजूने किंवा विद्यानगरकडे फेऱ्या मार, कंटाळा येतो पण माणसं असतात, उजेड असतो. चढाला आगाशिवच्या बाजूचा जो रस्ता वर्दळीचा आणि सुरक्षित वाटेल तो घे. समोरून येणाऱ्या गाडीला तोंड करून पळायचं, पावसाळ्यात पहाटे चमकणारी पट्टी अंगावर हवीच, आणि निदान रविवारी तरी त्या दोघीतिघींना बरोबर घे. कुत्री मागे लागली तर पळायचं थांबव, डोळ्यात डोळे घालू नको, हळूहळू चालत लांब हो. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धू आणि त्याच दिवशी इंजेक्शन, उद्यावर नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, सातारा. ही स्पर्धा २०१२ पासून होते आणि नावातच हिल आहे. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, गावातून समर्थ मंदिराकडे जायचं, मग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वरून वळून त्याच रस्त्याने परत खाली. म्हणजे ढोबळमानाने निम्मी चढण, निम्मी उतरण. नवीन माणूस सगळी भीती चढाची बाळगतो, सगळी प्रॅक्टिस चढाची करतो आणि त्याची वाट लागते ती उतारावर. चढावर काय होतं, दम लागतो, चालायला लागतो, दम परत येतो. उतारावर दम मस्त असतो, वेग आपोआप येतो, ढोल वाजत असतात, लोक टाळ्या देत असतात, आणि मांड्यांचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात. ताणले जात असतानाच त्यांना जोर लावायला लागतो, त्यात स्नायूंच्या बारीक तंतूंना इजा होते, आणि शेवटच्या पाच-सहा किलोमीटरला मांड्या अशा थरथरायला लागतात की सपाट रस्त्यावरसुद्धा पाय आपला वाटत नाही.

ह्याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. उताराची सवय आधी लावायची. स्नायूंना एकदा उताराचा मार बसला, दोन-तीन दिवस दुखून बरे झाले, की पुढचे काही आठवडे त्याच उताराला ते पुष्कळ कमी दुखतात, हे शरीराचं चांगलं आहे. म्हणून साधारण सहाव्या आठवड्यापासून शुक्रवारी चढ चढून झाला की खाली चालत किंवा गाडीवर मागे बसून येऊ नकोस, सावकाश पळत ये. सुरुवातीला ५०० मीटरच, मग एक किलोमीटर, मग दोन. पावलं छोटी आणि भराभर, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे, पुढे लांब टाकून टाचेवर आपटायचा नाही, आणि घाबरून मागे झुकायचं नाही, मागे झुकलं की ब्रेक अजून जोरात लागतो. हात थोडे बाजूला सुटे ठेव, तोल राहतो. नजर तीन-चार मीटर पुढे, ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे आणि शेवाळ टाळून. एखाद्या रविवारी, नवव्या-दहाव्या आठवड्यात, तिघी-चौघी मिळून साताऱ्याला जा, कराडहून तासाभराचा तर रस्ता, आणि खऱ्या घाटातच लाँग रन करा. अगदी पहाटे सुरू करा आणि आठपर्यंत आटपा, नंतर कासला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. शेवटचा जोराचा उतार स्पर्धेच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर मांड्यांना आराम.

उतारावर बुटाचं पण एक बघायचंय. पाय आत पुढे सरकतो, अंगठा पुढच्या टोकाला आदळत राहतो आणि घरी येऊन मोजे काढले की नख काळंनिळं. बूट संध्याकाळी विकत घे, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो, सर्वात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटली पाहिजे. आणि घोट्यापाशी जे शेवटचं जादा भोक असतं ना, ज्यात कोणी नाडी घालत नाही, ते ह्याच कामाचं आहे. नाडी बाहेरून त्याच बाजूच्या भोकात आत घाल म्हणजे दोन्हीकडे छोटी कडी तयार होते, मग उजवी नाडी डाव्या कडीतून, डावी उजव्या कडीतून ओवून खाली ओढून गाठ मार. टाच पक्की बसते, पाय पुढे सरकत नाही, पुढचा भाग मोकळा राहतो. नखं दोन-तीन दिवस आधी कापून ठेव, आदल्या रात्री नको. मोजे सुती अजिबात नको, पावसात सुती मोजा पाणी धरून बसतो आणि फोड आलेच म्हणून समज. जिथे जिथे घासतं तिथे व्हॅसलीन, काखेत, मांड्यांत, आतल्या कपड्याच्या पट्टीखाली. स्पोर्ट्स ब्रा चांगली घे, बुटात पैसे घालतो तसे त्यात पण घालायचे, ह्याबद्दल कोणी बोलत नाही आणि कितीतरी जणी केवळ त्या त्रासामुळे पळणं सोडतात.

खाण्याचं फार डोक्यात घेऊ नकोस, आपल्या घरातलंच खा. फक्त एक अडचण मला आधीच दिसतेय, तुझे १४ आठवडे श्रावणातून जाणार. रविवारी १५ किमी पळायचं आणि सोमवारी उपास, म्हणजे शरीर दुरुस्तीला बसलंय आणि सामान आणायची बंदी. उपास सोड असं मी म्हणणार नाही, तो तुझा प्रश्न, पण मग साबुदाण्यावर भागवू नको, दूध, दही, दाणे, राजगिरा, रताळं असं पोटात जाऊ दे, किंवा मोठ्या अंतराच्या आठवड्यात लाँग रन शनिवारी दुपारनंतर घे. हरितालिकेचा निर्जळी करत असलीस तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पळणं नाही, ह्यात तडजोड नको. लाँग रनच्या आधी एक केळं नाहीतर गूळ-पोळीचा तुकडा, तासाच्या वर पळायचं असेल तर बरोबर दोन-तीन खजूर नाहीतर चिक्की, आणि आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात नीट नाश्ता, पोहे असतील तर बरोबर अंडं किंवा वाटीभर दही. पाणी तहानेप्रमाणे. ढसाढसा पाणी पिणंही धोक्याचंच, रक्तातलं सोडियम खाली जातं, म्हणून दोन तासांच्या वर जाणार असशील तर मधूनमधून ओआरएस घे. स्पर्धेच्या दिवशी तोंडात नवीन काही टाकायचं नाही, फुकट वाटत असलेलं एनर्जी जेल पण नाही, जे रविवारी पचलंय तेच.

शेवटची आले तर, हा तुझा खरा प्रश्न आहे हे मला कळतंय. आधी स्पर्धेच्या माहितीपत्रकात कट-ऑफ वेळ, म्हणजे ज्या वेळेच्या आत पोचायलाच हवं ती, बघ आणि हिशोब मांड: साडेआठ मिनिटांचा किलोमीटर धरला तर २१.१ किमी ३ तासांच्या एक मिनिट आत होतात, नऊचा धरला तर ३ तास १० मिनिटं. चढावर तू दहा-साडेदहाने जाशील आणि उतारावर साडेसात-आठने परत येशील, सरासरी तिथेच कुठेतरी. तू जर आधीच ५ किमी ३५ मिनिटांत करतेस तर तू शेवटची येणार नाहीस, हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाहीये, तुझेच आकडे सांगतायत. आणि समजा आलीस, तर साताऱ्याचा रस्ता जायचा-यायचा एकच आहे, पुढचे मागच्यांना समोरासमोर भेटतात, खाली येणारे जोराचे धावपटू चढणाऱ्यांना ओरडून ओरडून धीर देतात, तिथे मागच्याला एकटं कोणी पडू देत नाही.

ज्या मातीत तू पळणार आहेस तिथलीच ललिता बाबर, माण तालुक्यातल्या मोही गावची. दुष्काळी गाव, शेतकऱ्याची पोर, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला जाऊन दहावी आली. तिच्याशी तुझी तुलना करायला सांगत नाहीये. सांगायचंय ते हे की सातारा जिल्ह्यात बाईने रस्त्यावर पळणं आता कोणाला नवल राहिलेलं नाही, तू पहाटे बाहेर पडतेस तेव्हा कोण बघतंय ही भीती थोडी तरी उतरू दे. आणि स्क्रीनशॉटचा तो ग्रुप १४ आठवडे म्यूट कर.

स्पर्धेच्या दिवशी दोन-अडीच तास आधी उठून खाऊन घे, गावातल्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरला गर्दी तुला ओढेल, तिथे मुद्दाम सगळ्यात हळू पळ. घाट लागला की ४-१ सोडून २ मिनिटं पळ, १ मिनिट चाल, फार चढ आला तर नुसतं झपाझप चाल, हात मागे-पुढे जोरात. वर पोचल्यावर धुकं आणि वारा असतो, घामाने भिजलेलं अंग गार पडतं, थांबून फोटो काढत बसू नकोस, वळ आणि निघ. उताराचे पहिले तीन किलोमीटर स्वतःला धरून ठेव, सगळे सुसाट पुढे जातील, त्यातले कितीतरी तुला खाली गावात चालताना भेटतील. संपलं की लगेच खाली बसायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं चाल, कोरडे कपडे बदल, मग खा. आणि सोमवारची रजा आत्ताच टाकून ठेव, दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त असतं आणि दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं, जिने उतरायचे, होणार नाही तुझ्याने.

मुंबईची फुल? ह्या जानेवारीत नको. ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे साताऱ्यानंतर चारएक महिने, आणि त्यातला एक महिना तुझा बरं होण्यात आणि परत सुरुवात करण्यात जाणार. ४२.१९५ किमी ही दुप्पट हाफ नसते, ३२-३३ च्या पुढे शरीरातली साठवलेली साखर संपत येते आणि त्याच्यासाठी वेगळा पाया लागतो, वर नडगी आत्ताच कुरकुरतेय. फारच खुमखुमी असली तर जानेवारीत मुंबईची हाफ पळ, साताऱ्यानंतर ती तुला फारच सोपी जाईल, आणि फुलचं पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. आधी रक्ताचे रिपोर्ट आले की मला परत लिही, हिमोग्लोबिनचा आकडा टाकून, त्याप्रमाणे पहिल्या चार आठवड्यांचं थोडं खाली-वर करून देते.